अडोबी कलर: चक्र झकास, प्रमाण मात्र तुम्ही ठरवायचं

रंगसंगती जुळवायला हे मोफत वेब-टूल फार कामाचं आहे. रंगचक्रावर लाल धरून पूरक (चक्रावर समोरासमोरच्या, इथे लाल-हिरव्या) रंगांचा नियम निवडला की पाच छटा मिळतात. पण त्या सारख्याच रुंदीच्या पट्ट्यांत दिसतात आणि नवखे तशाच डिझाइनमध्ये ओततात. मग भडक लाल-हिरवा एकमेकांना भिडून अक्षरं थरथरल्यासारखी वाटतात. साधारण ६०-३०-१० प्रमाण धरा: ६० टक्के मुख्य रंग, ३० टक्के दुय्यम, १० टक्के उठावाचा. लाल फक्त बटणाला ठेवला, तरच ‘इकडे बघा’ हा त्याचा अर्थ टिकतो.

टूलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कॉन्ट्रास्ट तपासणी, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजणं. पांढऱ्यावर शुद्ध लाल (आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा मूल्यं २५५, ०, ०) जेमतेम ४:१ भरतो. लहान मजकुराला ४.५:१ लागतं. किंचित गडद करा, भागतं. छपाईत मात्र स्क्रीनवरच्या झळाळत्या निळ्यावर विसंबू नका, सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) तो जांभळट उतरतो.