भिंतीतली फ्लश टाकी: पंधरा महिने आणि एक कॉक

आवाज इतका बारीक होता की आठ दिवस तो शेजारच्यांच्या कूलरचा आहे असं मी धरून चाललो होतो. मग एका रात्री लाइट गेली, कूलर थांबला आणि आवाज मात्र तसाच. संडासात जाऊन मोबाइलचा उजेड पाडला, तर कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूने दोऱ्याएवढी धार उतरत होती. बटण दाबलेलं नाही, कोणी गेलेलं नाही, धार चालू.

दुसऱ्या रात्री मोटर बंद ठेवली, सगळे नळ आवळले आणि गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाण्याच्या पातळीशी खडूने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली. म्हणजे साठ-सत्तर लिटर. भिंतीतली ही फ्लशची टाकी आम्ही पाणी वाचतं म्हणून घेतली होती, एका बटणाला ३ लिटर आणि दुसऱ्याला ६. वाचवलेलं सगळं पाणी ती रात्री झोपेत सोडून देत होती.

घर सांगलीतलं, वडिलांनी बांधलेलं, तळमजला आणि वर गच्ची. संडास देशी होता. आईचे गुडघे बसेनासे झाले तेव्हा तो बदलायचं ठरलं. फरशीवर बसणारं साधं कमोड निम्म्या पैशात झालं असतं, पण त्याच्या बुडाशी साचणारी काळी कड मी भाड्याच्या घरात सात वर्षं खरवडली आहे. म्हणून टांगलेलं कमोड, लोखंडी फ्रेमसकट भिंतीतली टाकी, वर बटणांची प्लेट. भांडं, फ्रेम, प्लेट, प्लंबर, गवंडी, टाइल धरून सेहेचाळीस हजार गेले. त्यात टाइलचा हिशेब मी सांगणार नाही, तो बायकोचा विषय.

कंपनीला फोन केल्यावर पाचव्या दिवशी माणूस आला. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांचे अनुभव ऐकले तर सगळीकडे चूल मातीचीच. त्याने प्लेट काढली, आत बॅटरी मारली, टाकीतला छोटा कॉक फिरवून पाहिला. फिरला नाही. क्षाराने धरला होता. "सर, जोर लावला तर आतच तुटेल, मग भिंतीत पाणी. टाइल फोडून टाकी उघडी करावी लागेल." गॅरंटीचं कार्ड पुढे केलं, तर दहा वर्षं फक्त टाकीच्या भांड्याला. आतल्या रबराला आणि व्हॉल्व्हला नाही. मग गच्चीवरून लाइन बंद करून आतले पार्ट काढा, म्हटलं. "ते आमच्या कामात येत नाही सर." व्हिजिटचे साडेचारशे घेऊन गेला. पावतीवर लिहिलं, ग्राहकाने काम नाकारले.

त्या रात्री रागात मी या लेखाचा पहिला खर्डा लिहिला. त्याचा सूर होता की भिंतीत पाणी कोंडणं हाच मूर्खपणा, आपल्या आज्यांची साखळीवाली उंच टाकी दहा-साडेबारा लिटर ओतायची, पण स्टुलावर चढलं की हाताला यायची. तो खर्डा आता खोडतोय. कारण रविवारी आमचा जुना प्लंबर आला.

त्याने आधी पिशवीत हात घातला नाही. आईला विचारलं, "काकू, जिलबीचा रंग हाय काय घरात?" केशरी रंगाची डबी निघाली. प्लेटच्या जागेतून त्याने चिमूटभर रंग टाकीत टाकला आणि चहा घेत बसला. वीस मिनिटांनी भांड्यात केशरी ओघळ. मग मला आत डोकवायला लावलं. टाकीत मधोमध एक उभी नळी असते. पाणी त्या नळीच्या तोंडापर्यंत चढून आतून वाहत असेल, तर पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. पाणी तोंडाच्या खाली असूनही भांड्यात येत असेल, तर बुडाचं वॉशर धरत नाहीये. आमचं पाणी तोंडाच्या दोन बोटं खाली होतं. म्हणजे वॉशर. एवढं कंपनीच्या माणसाने सांगितलं असतं तर साडेचारशे रुपये मी हसत दिले असते. (हसत नसते दिले. पण दिले असते.)

"फोडाय कशाला पाहिजे, हितनंच निघतंय की सगळं," तो म्हणाला. प्रश्न फक्त पाणी बंद करायचा होता. आतला कॉक जाम. गच्चीवरचा पितळी व्हॉल्व्ह वडिलांच्या काळातला, कितीही आवळला तरी थोडं पाणी सोडतोच. शेवटी त्याने गच्चीवरच्या टाकीत हात घालून आउटलेटच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. सगळं घर कोरडं. नेमकी आई आंघोळीला बसलेली. "अरे, नळाला काय झालं?" मी बादलीने शेजारून पाणी आणून दिलं आणि त्या दोन बादल्या नेताना मला सगळं लख्ख दिसलं.

पंधरा महिन्यांपूर्वी याच माणसाने विचारलं होतं, "दादा, लाइनवर एक कॉक टाकू का भाईर? साडेसहाशे जातील." मी म्हटलं होतं, आत आहे ना कॉक, मग दोन कशाला. टाइलच्या मधोमध ती चकचकीत मूठ दिसेल, हेही एक कारण सांगितलं होतं. खरं कारण साडेसहाशे होतं. सेहेचाळीस हजारांच्या कामात मी साडेसहाशे वाचवले आणि त्या जागी व्हिजिटचे साडेचारशे, प्लंबरचे सातशे, वॉशरचे एकशे ऐंशी आणि आईची बोलणी खाल्ली.

आतला कॉक असून नसल्यासारखा का, तेही समजून घ्या. तो टाकीच्या कोपऱ्यात, ओल्या अंधारात, वर्षानुवर्षं न फिरवता पडून असतो. बोअरचं पाणी असेल तर त्याच्या आट्यांत क्षार बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे थर धरणारा क्षार, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. आमच्या बोअरचं पाणी मी तपासून घेतलेलं नाही, पण कुकरच्या बुडाचा पांढरा थर पाहून जे समजायचं ते समजतं. बाहेरचा कॉक निदान दिसतो, महिन्यातून एकदा सहज हात जातो, फिरवला जातो, म्हणून तो जाम होत नाही. आणि झालाच तर टाइल न फोडता बदलता येतो. अँगल कॉक घ्या, स्टॉप कॉक घ्या, पण उघडा, हाताच्या अंतरावर आणि फक्त त्या टाकीसाठी वेगळा. अख्ख्या बाथरूमचा एकच कॉक असेल तर तो असूनही नसल्यासारखाच, कारण मग वॉशर बदलेपर्यंत आंघोळ बंद.

बायकोने हे वाचलं. "अहो, पान अर्धं झालं, अजून कॉकच चाललाय. लोकांना उंचीचं सांगा." बरोबर आहे तिचं. फ्रेम बसवताना गवंड्याने जुन्या फरशीवरून माप घेतलं होतं. नवा कोबा आणि टाइल धरून जमीन दोन इंच वर येणार होती, म्हणजे आईची बैठक दोन इंच खाली गेली असती. हिने आईच्या रोजच्या खुर्चीची उंची टेपने मोजली, १७ इंच, आणि दाराच्या उंबऱ्यावरून ओळ काढायला लावली. फ्रेमचे पाय वर-खाली होतात, पण वीटकाम व्हायच्या आधी. नंतर काही होत नाही. माप कायम होणाऱ्या फरशीवरून घ्या.

बाकी गोष्टी पटकन. आमचा तळमजला, मागे बोळात चेंबर, त्यामुळे चार इंची पाइप मागच्या भिंतीतून सरळ बाहेर काढता आला. फ्लॅटमध्ये जुन्या संडासाचा पाइप जमिनीत उतरत असेल तर भांडं आवडण्याआधी प्लंबरला जागा दाखवा. फ्रेमवर बांधलेल्या भिंतीने सात इंच जागा खाल्ली, दार बाहेर उघडणारं करावं लागलं. पण त्या भिंतीच्या माथ्यावर जी फळी तयार झाली तिच्यावर आता आईचा चष्मा, अगरबत्ती आणि एक रेडिओ असतो. भार किती घेतं, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. माहितीपत्रकात ४०० किलो लिहिलंय. आमचे एक काका अजूनही बसताना एका हाताने नळ धरतात.

आता वॉशरकडे परत. प्लंबरने ते माझ्या तळहातावर ठेवलं. काळं रबर, पाच रुपयांच्या नाण्याहून मोठं, कडेला पांढरं क्षाराचं कडं आणि एका जागी रुतलेला करडा कण. नखाने काढला, दातांखाली वाळू लागावी तसा टणक. टाइलच्या सांध्यात भरतात ते ग्राउट. म्हणजे कंपनीचा दोष अर्धाच. काम चालू असताना पाइपमध्ये जो कचरा जातो, सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप कापल्याचा कीस, सिमेंट, ग्राउट, तो टाकीला जोडण्याआधी बादलीत दोन-चार वेळा पाणी जोरात सोडून काढायचा असतो. आमच्याकडे ते झालं नाही, कारण गवंड्याची हजेरी चालू होती आणि मीच "उरका, उरका" करत होतो. टाकी भरून रात्रभर ठेवून मग वीटकाम करायचं, तेही मी दोन तासांत उरकवलं.

त्याने क्षाराचं कडं असलेला व्हॉल्व्ह व्हिनेगरमध्ये बुडवला. भजी तळताना येतात तसे बुडबुडे आले आणि अर्ध्या तासात पांढरं कडं गळून पडलं. नवं वॉशर, प्लेट परत टपकन बसली. एकही टाइल फुटली नाही. प्लेटची जागा एवढीशी, पण आतलं सगळं तिथूनच निघतं. घेताना दुकानदाराला एवढंच करून दाखवायला सांगा. प्लेट काढ, व्हॉल्व्ह बाहेर काढ, परत घाल. त्याला जमलं नाही तर तुमच्या प्लंबरलाही जमणार नाही. आणि वॉशर दोन जादा घेऊन ठेवा. मी घेतलेत, चहाच्या रिकाम्या डब्यात आहेत, डब्यावर चिठ्ठी चिकटवून.

खालची फरशी मात्र पंधरा महिने कोरडी ठणठणीत. झाडू कमोडखालून आरपार जातो. त्या काळ्या कडेची आठवण आली की सेहेचाळीस हजार वसूल वाटतात, निदान वीसेक हजार तरी.

कॉक बसवला. आत टाइल फोडायची नव्हती, म्हणून मागच्या बोळात, गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपवर. आता गावाला जाताना तो बंद करायला मी बोळात शिरतो. बोळ दीड फुटाचा आहे, शेजाऱ्यांच्या कूलरचं पाणी नेमकं तिथेच पडतं आणि मूठ भिंतीच्या बाजूला आली आहे. प्लंबर म्हणाला फिरवून लावून देतो, अडीचशे होतील. सध्या राहू दे म्हटलं.