१० मीटरची हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग, ९ महिन्यांनंतर : चांगली आहे, पण चोक तुमचा असेल तरच

तुंबलेला पाइप मोकळा करायची ही स्प्रिंग मागच्या दिवाळीच्या आधी मागवली होती, आता अर्धा पावसाळा गेला, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी सहा स्टार दिले असते. आता साडेतीन देते, आणि कापलेला दीड स्टार खरंतर स्प्रिंगचा नाही, माझा आहे.

आधी घर सांगते कारण सगळं त्यावरच आहे. मुलुंड पूर्व, १९८० च्या दशकातली सोसायटी, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही आणि आम्ही तळमजल्यावर. पाइप जुने बीडाचे, मागच्या डक्टमधून खाली येतात. दोन वेगळे आहेत, संडासाचा ४ इंची जो थेट चेंबरला जातो, आणि किचन-बाथरूमच्या पाण्याचा ३ इंची, तो खाली गल्ली ट्रॅपमध्ये (जमिनीतला जाळी लावलेला छोटा खड्डा) पडतो आणि तिथून चेंबरला. नवीन टॉवरवाल्यांची रचना वेगळी असू शकते. तळमजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, वरचे चार मजले जे काही मोरीत सोडतात ते आपल्या भिंतीमागून जातं, आणि अडलं की पहिलं आपल्याच बाथरूममध्ये दर्शन देतं.

घेतली का, तर ऑक्टोबरमध्ये नहाणी (बाथरूमच्या फरशीतलं जाळीचं तोंड) तुंबली, प्लंबर आला, पिशवीतून स्प्रिंग काढली, १० मिनिटं फिरवली आणि ७०० रुपये घेऊन गेला. आमचे हे म्हणाले एवढंच करायचं तर आपणच करू. ११५० ला मिळाली. ताटाएवढा प्लास्टिकचा ड्रम, आत करंगळीपेक्षा बारीक स्प्रिंग गुंडाळलेली, टोकाला जरा फुगीर वेढा, मागे हँडल आणि पुढे एक स्क्रू जो आवळला की ड्रमबरोबर स्प्रिंगही फिरते. नहाणीची जाळी काढायची, आतली वाटी काढायची, स्प्रिंग हाताने ढकलत न्यायची, अडली की वीतभर बाहेर ठेवून स्क्रू आवळायचा आणि हँडल फिरवायचं, एकाच दिशेने. उलटं फिरवलं की वेढे सुटायला लागतात, मी एकदा केलंय, ती जागा अजून वाकडी आहे. हातात रबरी मोजे आणि अंगावर टाकायच्या लायकीचा गाऊन, बाकी काही लागत नाही.

खरी मजा हाताला लागण्यात आहे. बेंडला स्प्रिंग टक्‌ करून कडक लागते, थोडं फिरवलं की घसरून पुढे जाते. चोकला लागली की तसं नाही, ओल्या कणकेत बोट घातल्यासारखं वाटतं, हँडल जड होतं आणि स्प्रिंग परत अंगावर यायला बघते. पहिल्यांदा बाहेर ओढली तेव्हा टोकाला वीतभर लांब करडी शेपटीसारखी केसांची गुंडाळी होती, साबणाने गुळगुळीत, आणि मधोमध लेकीचा आदल्या वर्षीच्या दिवाळीत हरवलेला रबरबँड. सासूबाई म्हणाल्या हे फोटो काढून ठेव, तुझ्या लेकीच्या लग्नात दाखव.

जानेवारीपर्यंत तीनदा वापरली, दोनदा नहाणीला आणि एकदा बेसिनला (बेसिनला आधी खालचा बॉटल ट्रॅप हाताने उघडून बघा, बहुतेक वेळा घाण त्या वाटीतच असते, स्प्रिंगची गरजही पडत नाही). म्हणजे पैसे वसूल. कमोडमध्ये मात्र ही घालू नका, चिनी मातीवर काळे ओरखडे पडतात ते जात नाहीत, कमोडची स्प्रिंग वेगळी मिळते, तिला वाकड्या नळीचं आवरण असतं.

फेब्रुवारीपासून आमचं ग्रहमान फिरलं. नहाणी तुंबायची, मी स्प्रिंग घालायची, घुर्रर्र करून पाणी जायचं, मी स्वतःवर खूश, आणि चार दिवसांनी परत तेच. असं दीड महिना चाललं. गंमत म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला आता केस यायचेच नाहीत, नुसतं पांढरट चिकट तूप गोठल्यासारखं काहीतरी यायचं, आणि स्प्रिंग आधी दोन मीटरवर अडायची ती आता चारेक मीटर आत जाऊन अडायची. दोन्ही गोष्टी ओरडून सांगत होत्या की बाई, चोक तुझ्या फांदीत, म्हणजे घरातल्या पाइपात नाही, पुढे मोठ्या पाइपात आहे. पण हातात हत्यार असलं की माणूस ऐकत नाही.

मग एका रविवारी सकाळी सातला, आमच्याकडे कोणीच उठलेलं नाही, ना अंघोळ ना भांडी, आणि बाथरूममधून गुडगुड आवाज. जाऊन बघते तर नहाणीच्या जाळीतून पाणी वर येतंय, काळपट, वर तेलाचा तवंग, आणि त्याच्यावर चहाची पावडर आणि मेथीच्या काड्या तरंगतायत. आमच्याकडे त्या आठवड्यात मेथी आणलीच नव्हती! मी तशीच वर गेले, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मेथीचे ठेपले करत होत्या आणि तिसऱ्यावर वॉशिंग मशीन पाणी सोडत होतं. इतकं स्पष्ट उत्तर आयुष्यात फार कमी वेळा मिळतं.

तेव्हा आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. आल्या आल्या त्याने पाइप बघितला नाही, पहिला प्रश्न, "भाभी, ॲसिड डाला है क्या?" डाला था. आमच्या ह्यांनी दोन दिवसांपूर्वी मला न सांगता अर्धी बाटली ओतली होती. तो म्हणाला सांगितलं ते बरं केलं, कारण पाइप उघडला की तेच पाणी तोंडावर उडतं. तर हे लक्षात ठेवा, काहीही टाकलं असेल, ॲसिड असो नाहीतर पाकिटातली पावडर, प्लंबरला आधी सांगा. पावडरीत कॉस्टिक असतं, साचलेल्या पाण्यात टाकली की चोकपर्यंत पोचेपर्यंत पातळ होते, आणि एकदा ॲसिड एकदा कॉस्टिक असं तर अजिबात करू नका, उकळून अंगावर येतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. आणि त्या ॲसिडने माझ्या स्प्रिंगचा पुढचा हातभर भागही खाल्ला, तो आता तपकिरी आणि खरखरीत झालाय.

मग तो मागे डक्टमध्ये गेला आणि गल्ली ट्रॅपची जाळी उचलून मला बोलावलं. गल्ली ट्रॅप जवळजवळ कोरडा! घरात नहाणी वर येतेय आणि बाहेर गल्ली ट्रॅपमध्ये पाणीच पडत नाहीये, म्हणजे अडलंय ते मधे, उभ्या पाइपच्या तळच्या बेंडमध्ये. हे बघायला प्लंबर लागत नाही हो, चप्पल घालून मागे जायचं आणि खाली बघायचं, मी दीड महिन्यात एकदाही गेले नव्हते. उलटं असतं, म्हणजे गल्ली ट्रॅप भरून बाहेर वाहत असता, तर चोक त्याच्या पुढे. चेंबरचंही तसंच, झाकण उचलल्यावर एक भरलेला आणि पुढचा रिकामा दिसला की दोघांच्या मधला पाइप धरायचा.

तळाला डोअर बेंड होता, म्हणजे बेंडलाच नटबोल्टचं झाकण असतं. बोल्ट गंजून एकजीव झालेले, दोन कापावे लागले. आत नारळाची शेंडी, चुरमडलेली तारेची घासणी, एक स्टीलचा चमचा आणि त्या सगळ्याला धरून बसलेला घट्ट चरबीचा थर, बीडाच्या गंजलेल्या आतल्या बाजूला असा चिकटलेला की खुरप्याने खरवडला. आणि त्या थराच्या बरोबर मधून आरपार एक गोल भोक, करंगळीएवढं. ते माझं. दीड महिना मी दर चार दिवसांनी तेवढंच भोक परत परत पाडत होते आणि तेवढ्यातून पाणी जात होतं म्हणून समजत होते लाईन साफ झाली.

खर्च ३२०० आला. सेक्रेटरी काका म्हणाले पाणी तुमच्या घरात येतं म्हणजे प्रॉब्लेम तुमचा. मी शांतपणे सोसायटीचे आदर्श उपविधी काढून दाखवले, सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाईनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या फांदीची सभासदाच्या. डोअर बेंडमधल्या चमच्याचा फोटोही दाखवला, तो आमचा नव्हता. पैसे मेंटेनन्समधून वळते झाले, एक मीटिंग आणि बराच आरडाओरडा झाल्यावर.

त्यानंतर मी माझ्यापुरतं ठरवलंय. एकच नहाणी किंवा एकच बेसिन हळू जातंय आणि बाकी सगळं ठणठणीत, तर स्प्रिंग. दोन ठिकाणी एकदम हळू झालं, किंवा मशीन पाणी सोडताना नहाणी गुडगुडली, किंवा आपण नळ उघडलेला नसताना पाणी वर आलं, की स्प्रिंगला हात नाही, वरच्यांना फोन करून नळ बंद करायला सांगायचे आणि प्लंबर. एका जागी आठ दिवसांत दुसऱ्यांदा तुंबलं तरी प्लंबर. पूर्ण १० मीटर आत गेली, कुठे लागलीच नाही आणि पाणी तसंच, तरी प्लंबर, कारण ती बहुतेक उभ्या पाइपात शिरून भलतीकडेच गेलेली असते. नुसता वास येत असेल तर मात्र घाबरू नका, आधी तांब्याभर पाणी ओता, बरेच दिवस न वापरलेल्या नहाणीतलं ट्रॅपचं पाणी आटतं आणि गटाराचा वास सरळ घरात येतो, गावाहून परत आलं की आमच्याकडे नेहमी होतं.

जूनमध्ये परत एकदा झालं, पण ते प्रकरणच वेगळं. दोन दिवस धो धो पाऊस, दुपारी भरती, आणि फ्लश केला की कमोडमधलं पाणी खाली जायच्या ऐवजी काठापर्यंत वर यायचं आणि मग सावकाश उतरायचं. यावेळी मी शहाण्यासारखी आधी मागे गेले. आमचे तिन्ही चेंबर तुडुंब, गेटजवळचा शेवटचाही, म्हणजे अडलंय ते गेटबाहेर, महापालिकेच्या लाईनमध्ये. तिथे प्लंबरही काही करू शकत नाही, १९१६ ला फोन करून तक्रार नोंदवली. एक काका म्हणाले रस्त्यावरचं मॅनहोलचं झाकण उचला, पाणी जाईल. नको म्हटलं, २०१७ च्या ऑगस्टमध्ये एल्फिन्स्टनला पाण्यात न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा जीव गेला होता, मुंबईत राहून एवढं तरी विसरू नये. दुसरे म्हणाले नाक्यावरून एक पोरगा आणतो, ५०० दिले की चेंबरमध्ये उतरेल. तेव्हा मात्र माझा आवाज चढला. आत विषारी वायू साचलेला असतो, उतरलेला माणूस वर यायच्या आधी बेशुद्ध पडतो, आणि २०१३ च्या कायद्याने असं माणूस उतरवणं गुन्हा आहे, उतरवणाऱ्याचा, म्हणजे आपला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेटिंगची (जोरात पाणी मारून लाईन साफ करणारी) गाडी आली, अर्ध्या तासात चेंबर उतरले. तोपर्यंत आम्ही फ्लश कमी आणि बादलीने जपून, सासूबाई तर सरळ नणंदेकडे भांडुपला गेल्या.

आता स्प्रिंगबद्दल राहिलेलं. ड्रमचा स्क्रू पाचव्या महिन्यात घसरायला लागला, आटे प्लास्टिकमध्येच आहेत, पक्कडने धरावा लागतो. ओली गुंडाळून ठेवली तर पावसाळ्यात तीन दिवसांत गंजते, वापरून झाली की पूर्ण बाहेर काढून धुवायची, जुन्या फडक्याने पुसायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. कंटाळवाणं काम आहे, आमच्याकडे ते ह्यांच्याकडे दिलंय, ॲसिडची शिक्षा म्हणून. १० मीटरच्या ऐवजी ५ मीटरची घेतली असती तरी चाललं असतं, घरातली फांदी तेवढ्यात संपते, त्याच्या पुढे आपलं काही कामच नाही.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी स्प्रिंग मागायला आल्या. विचारलं, नुसतं सिंक तुंबलंय की बाथरूमपण? म्हणाल्या दोन्ही, कालपासून. दिली नाही. प्लंबरचा नंबर दिला आणि चप्पल घालून मागे गल्ली ट्रॅप बघायला गेले.