टॉमी गेदरची १९५३ सालची सही

जुन्या रेकॉर्ड ऑनलाइन विकत घेणाऱ्या सगळ्यांनी, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी, हे जरूर वाचावं. एका जुन्या गाण्याची खोटी तबकडी आणि खोट्या सह्यांचा फोटो घेऊन माझे ६४० डॉलर बुडाले. पण ज्यांना भेट द्यायला म्हणून ती वस्तू घेतली, त्यांच्याच हातात तिचा खोटेपणा उघडा पडला, हे जास्त लागलं.

मी बाल्टिमोरला राहतो. शेजारी एक कृष्णवर्णीय आजोबा राहतात, नव्वदीला टेकलेले. पोरवयात त्यांनी पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरच्या रॉयल थिएटरमध्ये ‘ओरिओल्स’ या गाणाऱ्यांच्या गटाला ऐकलं होतं. ते थिएटर १९७१ मध्ये पाडलं, पण आजोबांच्या बोलण्यात ते अजून उभं आहे. ओरिओल्स हा बाल्टिमोरच्याच पोरांचा गट, नाव घेतलं मेरीलँडच्या राज्यपक्ष्याचं. दुकानात विक्रेतीचं काम करणाऱ्या डेबोरा चेसलरने त्यांना ‘इट्स टू सून टू नो’ हे गाणं दिलं, आणि त्यांचा सगळा कारभारही तीच बघू लागली. १९४८ मध्ये ते गाणं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत पहिलं आलं. आजोबांनी मला ते ऐकवलं तेव्हा मी थक्क झालो. गटाचा मुख्य गायक सनी टिल आवाज चढवतच नाही, कानाशी बोलावं तसा गातो. मागे बाकीचे नुसता सूर धरून असतात, मधल्या ओळी जॉर्ज नेल्सन त्याच्या भारदस्त आवाजात उचलतो, आणि टॉमी गेदरची गिटार अगदी हलकी, जेवढ्यास तेवढी. अशा एकत्र सूर धरून गायच्या शैलीला पुढे डू-वॉप म्हणू लागले, त्याची वाट पाडणाऱ्यांत हे लोक अगदी आघाडीवर होते.

आजोबांच्या वाढदिवसाला त्याच गाण्याची मूळ तबकडी द्यायची, असं मनात घेतलं. एका विक्रेत्याकडे पूर्ण संचच मिळाला: ‘१९४८ची मूळ ४५ आरपीएम तबकडी’ (म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी) आणि गटातल्या पाचही जणांच्या सह्या असलेला फोटो. सह्यांखाली साल १९५३, म्हणजे ओरिओल्सचं ‘क्राइंग इन द चॅपल’ गाजलं ते वर्ष. सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच काय ते सांगा, असं तो म्हणाला. मग म्हणाला, मित्र-नातलगांना पैसे पाठवायचा पर्याय वापरलात तर कमिशन वाचेल, ४० डॉलर कमी करतो. मी पाठवले. हीच माझी सगळ्यात मोठी चूक. त्या पर्यायाने पाठवलेला पैसा खरेदीचा धरलाच जात नाही, त्यामुळे खरेदीदाराला मिळणारं संरक्षणही राहत नाही. क्रेडिट कार्डाने थेट खरेदी म्हणून पैसे भरले असते, तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती.

वाढदिवसाला आजोबांनी फोटो हातात घेतला. एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं, खालचं साल वाचलं आणि थांबले. म्हणाले, ‘टॉमी? तेव्हा टॉमी कुठे होता, बाळा?’

नोव्हेंबर १९५० मध्ये झालेल्या मोटार अपघातात टॉमी गेदर गेला. नेल्सन आणि जॉनी रीड त्यात जखमी झाले. त्या वेळी आजोबा पंधरा वर्षांचे होते, त्यांना ती बातमी कशी विसरता येईल? मेलेल्या माणसाची सही मी त्यांच्याच घरात घेऊन गेलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि केक कापायला घेतला. मला तो घास गिळवेना.

रात्री घरी येऊन सगळं भिंगाखाली धरलं. पाचही सह्या एकाच पेनाच्या, एकाच कलाच्या. तबकडीच्या लेबलावरची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची आणि पसरलेली, म्हणजे कुठल्या तरी लेबलाचा फोटो काढून पुन्हा छापलेली. मुळात १९४८ मध्ये ४५ आरपीएमची तबकडी बाजारात नव्हतीच, ती आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणली. ते गाणं पहिल्यांदा निघालं ७८ आरपीएमवर, ‘इट्स अ नॅचरल’ नावाच्या लेबलखाली, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली. नॅशनल नावाच्या दुसऱ्या कंपनीने नावाला हरकत घेतल्यावर लेबलचं नाव ज्युबिली झालं. पुढे ४५ वर आवृत्त्या निघाल्या, त्या विकण्यात काही गैर नाही, पण त्यांना १९४८ची मूळ प्रत म्हणता येत नाही. आमच्या आजोळी सांगलीला तशाच ७८च्या, लाखेच्या तबकड्या होत्या. हाताला जड, पडली की खळ्ळकन फुटायची. तो जडपणा मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी विक्रेत्याला ‘तबकडीचं वजन करून फोटो पाठवा’ एवढंही मी म्हटलं नाही. तुम्ही म्हणा. लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर काय कोरलंय, त्याचाही जवळून घेतलेला फोटो मागा. आणि सह्या असतील तर आधी एकेका माणसाची मृत्यूची तारीख बघा, त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

विक्रेत्याला लिहिलं तर पहिलं उत्तर आलं की प्रमाणपत्र आहे ना. प्रमाणपत्रावर सही त्याचीच. दुसऱ्या पत्राला उत्तर नाही. आठवड्याभरात खातं बंद. मी संकेतस्थळाकडे आणि पोलिसांच्या ऑनलाइन विभागाकडे तक्रार केली आहे. संभाषण आणि जाहिरातीचे फोटो जपून ठेवले होते, तेवढं बरं झालं.

गेल्या रविवारी तोच फोटो पुन्हा विकायला आलेला दिसला. विक्रेत्याचं नाव नवीन, किंमत ७०० डॉलर. टॉमीची सही तशीच आहे, आणि खाली साल १९५३.