बौद्धाचार्याच्या कामाचा ट्रॉली स्पीकर: एका लग्नसराईनंतर

स्पीकर आठ इंची. सोबत दोन बिनतारी माइक आणि एक कॉलर माइक. दिवाळीनंतर नागपूरला सीताबर्डीवरून 6,800 रुपयांत आणला. तेव्हापासून 23 लग्नं, 9 जलदानं (माणूस गेल्यावरचा विधी), 4 नामकरणं अन् 2 गृहप्रवेश यानं माझ्यासंगं केले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

मी आर्वी तालुक्यातला. पाच एकर वावर, कपाशी अन् तूर. बाकी वेळ बौद्धाचार्य, म्हणजे बौद्ध पद्धतीनं लग्नं अन् बाकी विधी लावणारा. लोक कधी भंते म्हणतात, कधी गुरुजी. भंते मी नाही. चीवर घालून घरदार सोडलेले ते भिक्खू. मी दहा दिवस श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) शिबिरात डोकं भादरून बसलो, पाठांतर केलं, प्रशिक्षण घेतलं आणि पांढरे कपडे घालून मोटरसायकलवर गावोगाव फिरतो. आपल्यात मुहूर्त पाहत नाहीत, तरी लग्नं सगळी उन्हाळ्यातच. तेव्हा कापूस विकून हातात पैसा असतो अन् वावरं मोकळी असतात. पत्रिकेत 11 वाजून 30 मिनिटं. धुमाल बँड अन् डीजेवर नाचून वरात मांडवात यायला दोन वाजतात. सगळे उपाशी, पंगतीत आलू-वांग्याचा वास सुटलेला, अन् तेव्हा मी त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जायच्या गाथा म्हणायला उभा राहतो.

माइक असतो साऊंडवाल्या पोट्ट्याच्या ताब्यात. त्याला मी किती वर्षं सहन केलं ते विचारू नका. "गुरुजी, दोन मिनिटात आटपा." नवरदेवाची प्रतिज्ञा अर्ध्यावर असताना माइक हातातून काढून "अमुक अमुक यांच्यातर्फे 501 रुपये आहेर" झालेलं आहे. "माजी सरपंच मांडवात आले आहेत, त्यांनी समोर यावे" हे तर दर लग्नात. गाथा म्हणायच्या अन् त्या पहिल्या दोन सतरंज्यांपलीकडे जाऊ नयेत, तर मग मला बोलावलं कशाला?

म्हणून स्वतःचा स्पीकर. आमच्या घरचं मत वेगळं होतं. "इतके लग्नं लावले तं पेट्रोल नाई निघत, अन् आता हे डबडं?" हिशेब तिचा खोटा नाही. 23 लग्नांपैकी सातांनी धम्मदान दिलंच नाही, आपलेच गुरुजी म्हणून. बाकीच्यांनी 201 पासून 1,100 पर्यंत. जलदानाचे मी घेत नाही.

आता वस्तूबद्दल.

आवाज: बसून बोलणाऱ्या माणसासाठी हा बनवलेला नाही, गाणी म्हणणाऱ्यासाठी बनवलेला आहे. डब्यातून काढला तेव्हा इको अर्ध्यावर होता. घरीच "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणून पाहिलं तर "मि मि मि" करत शेजारच्या कोठ्यापर्यंत गेलं, अन् गाय उठून उभी राहिली. इको शून्यावर, बेस कमी, ट्रेबल जरा जास्त. एवढं केलं की पालीतला एकेक शब्द सुटा ऐकू येतो. दोनशे माणसांच्या मांडवाला पुरतो. पाचशेच्या वर असेल तर साऊंडवाल्याच्या पाया पडावं लागतं, ते खरं आहे.

स्पीकर स्वतःच्या मागे कधी ठेवायचा नाही, शिट्टी मारतो. आपल्या पुढं, लोकांकडं तोंड करून, खुर्चीवर चढवून ठेवायचा. जमिनीवर ठेवला तर पुढच्या रांगेतल्या पोरांचे कान फुटतात अन् मागच्यांना काही कळत नाही.

कॉलर माइक: घेऊ नका. फुकट मिळाला तर लेकराला खेळायला द्या. पांढऱ्या सदऱ्याला लावला की कापडाची खरखर, अन् मे महिन्यातल्या वाऱ्यात तर नुसता भुर्रर्र. हातातले दोन माइक मात्र चांगले. पेन्सिल सेल लागतात, एक जोडी चार-पाच लग्नं चालते. सेल उतरले की आवाज तुटक येतो, आधी सूचना नाही.

बॅटरी: डब्यावर सहा तास लिहिलंय. नवी असताना तीन तास चालली, आता अडीच. मला एका विधीला पाऊण तास लागतो, त्यामुळे भागतं. पण स्पीकरमध्ये एक बोलणारी बाई भरून ठेवलेली आहे. चालू केला की मोठ्यानं "ब्लूटूथ मोड" म्हणते, अन् चार्ज उतरला की इंग्रजीत सूचना देते. फेब्रुवारीत एका जलदानाला गेलो होतो. गेलेला माणूस पन्नाशीचा, अंगणात सगळं गाव गप्प. थोरला मुलगा ताटात पाणी ओततोय, मी "यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं" म्हणतोय. "पेतानं उपकप्पति" म्हणून मी थांबलो अन् ती बाई बोलली, "बॅटरी लो, प्लीज चार्ज." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या बाईला बंद करायचं बटण कुठंच नाही. आता जलदानाला स्पीकर नेतच नाही. अंगणात माणसाचा आवाज पुरतो.

चाकं: डांबरी रस्त्याची आहेत. काळ्या मातीत पहिल्याच पावसात एक चाक चिखलानं जाम झालं ते अजून कुरकुरतं. वजन आठ-नऊ किलो. मी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर जुनी ट्यूब बांधून नेतो. उन्हात ठेवू नका. 45 अंशांत मांडवाबाहेर राहिला तर प्लास्टिक हात लावू देत नाही, आतल्या बॅटरीचे काय हाल होत असतील. पावसाळ्यात काम नसलं तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. मी वर्षावासात (पावसाळ्यातले धम्म-वाचनाचे महिने) विहारात ग्रंथवाचनाला वापरणार आहे, तेवढीच त्याची सवय मोडणार नाही.

दुकानाची सेवा: काही महिन्यांतच चार्जिंगची पिन ढिली झाली. दुकानदार म्हणाला, कंपनीला पाठवू, तीन आठवडे लागतील. एप्रिलमध्ये! त्या महिन्यात माझी अकरा लग्नं होती. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं 80 रुपयांत टाका मारून दिला, अजून टिकून आहे. वॉरंटीचा कागद मी फाईलला लावून ठेवलाय, शोभेला.

मग घेतला ते चुकलं का? नाही.

14 ऑक्टोबर 1956 ला माझे वडील वीस वर्षांचे होते, नागपूरला दीक्षेला गेले होते. सांगायचे, मी इतक्या मागं होतो की बाबासाहेब दिसले नाहीत, पण बावीस प्रतिज्ञा त्यांच्या मागून एकेक म्हटल्या. मला लग्न लावताना हे नेहमी आठवतं. आपल्या लग्नात होमहवन नाही, सप्तपदी नाही, अक्षता नाहीत, फुलं उधळतात. असते ती प्रतिज्ञा. सिगालोवाद सुत्तातून, म्हणजे बुद्धानं गृहस्थाला केलेल्या उपदेशातून घेतलेल्या पाच नवऱ्याच्या, पाच नवरीच्या. पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, घरचा कारभार तिच्या हाती देईन, तिला वस्त्र-दागिने देईन. चार मिनिटांचं काम. तेच ऐकू आलं नाही तर लग्न झालं हे फक्त फोटोवाल्याला माहीत.

मार्चमध्ये पुलगावकडच्या एका गावात पहिल्यांदा दुसरा माइक नवरदेवाच्या हाती दिला. तिसरी प्रतिज्ञा म्हणताना तो जरा खालच्या आवाजात गेला. मागून बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी ओरडली, "पुन्हा म्हणाले लावा त्याले, ऐकू नाई आलं!" अख्खा मांडव हसला. त्यानं पुन्हा म्हटलं, खणखणीत. मी तेव्हाच 6,800 रुपये माफ केले.

महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी तीच नवरी भेटली. जयभीम झाला, अन् लगेच म्हणाली, "गुरुजी, कारभार हाती देईन म्हणून तो मायकात बोल्ला होता ना? पाकीट पाहू नाई देत." शेजारी नवरा उभा, मान खाली. मी काय बोलणार. म्हटलं, सगळ्या गावानं ऐकलंय बापा.

पाचपैकी साडेतीन तारे. एक त्या बाईनं अन् कॉलर माइकनं मिळून खाल्ला, अर्धा चाकांचा. घ्यायचा असेल तर दोन हातमाइकवालाच घ्या, अन् दुसरा माइक आधी नवरीच्या हाती द्या. नवरदेव वरातीत ओरडून आलेला असतो, त्याचा गळा तापलेलाच असतो.