उवांची फणी, १८० रुपये

चवथीला घरात अकरा माणसं होती आणि माजघरात पोरांच्या गोधड्या एका ओळीत. पाच चुलत भावंडं डोक्याला डोकं लावून मध्यरात्रीपर्यंत कुजबुजायची. कुडाळ स्टेशनावर सगळ्यांना तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवून आले आणि विषय संपला असं वाटलं. भातकापणीच्या दिवसांत माझी चौथीतली लेक अभ्यास करता करता पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कानामागे खाजवायला लागली.

जाऊबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "तुमच्याकडनंच आल्या असतील गं, आमच्या बिल्डिंगीत कुठल्या उवा!" डोक्याला उवा पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही जातात. म्हणजे चवथीला कोणाच्या डोक्यातून कोणाकडे गेल्या, की शाळेच्या बाकावरून आल्या, हे आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. ऊ काही उडी मारत नाही की उडत नाही, केसाला केस लागला की चालत पलीकडे जाते. स्वच्छ केसांशी तिचं काही वाकडं नसतं. हे सगळं जाऊबाईंना सांगण्यात अर्थ नव्हता.

सासूबाईंनी उपाय काढला. "सिताफळाच्या बियो वाट गो, नि चेडवाच्या डोक्याक माख. एका रातीत सगळा साफ!" मी हात जोडले. आमच्याच वाडीतल्या एका पोरीच्या डोळ्यात ती पूड गेली होती, आठ दिवस डोळा उघडत नव्हता. सिताफळाच्या बीने बुबुळाला इजा होते, हे तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलेलं. मग सासूबाई रॉकेलावर आल्या. चुलीच्या घरात रॉकेल लावलेलं डोकं फिरवायचं? नाहीच.

मी आणलं पर्मेथ्रिन, १ टक्क्याचं, सोबत प्लॅस्टिकची फुकट फणी. आणि इथे माझीच चूक झाली. आधी शाम्पू केला, केस गुंतू नयेत म्हणून कंडिशनरही लावला आणि त्यावर औषध. कंडिशनर आधी लावला की औषध केसाला नीट धरत नाही, हे बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, ते मी नंतर वाचलं. शिवाय हे औषध चालत्या उवा मारतं, लिखांतल्या मारेलच असं नाही. लीख सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत फुटते, म्हणून साधारण नवव्या दिवशी औषध परत लावायचं असतं. मी एकदा लावलं, हुश्श केलं आणि पंधरा दिवसांनी उशीच्या अभ्र्यावर तीळ चालताना दिसला.

त्या फुकटच्या फणीबद्दल एवढंच, की तिचे दात केसात शिरताच फाकतात. मधून लीख काय, तांदळाची कणी जाईल.

तेव्हा मेडिकलवाल्याने काउंटरखालून ही स्टीलची फणी काढली. मूठ प्लॅस्टिकची, दात लांब आणि इतके जवळ की मधून वहीचं पान जेमतेम सरकावं. उजेडात धरली तर दातांवर स्क्रूसारखे बारीक आटे दिसतात. केसाला चिकटलेली लीख त्या आट्यांत अडकून खरवडली जाते. नखाने ओढून बघा, कोंडा असेल तर लगेच झडतो. लीख जागची हलत नाही, डिंकाने लावल्यासारखी. खाली उतरवताना फणी करकर वाजते. लेकीला तो आवाज आवडतो, मला तर फारच.

पण नुसती फणी घेऊन भागत नाही. रविवारी सकाळी खळ्यात, उन्हात प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची. (पडवीतल्या उजेडात मला काही दिसलं नाही, चाळिशी लागली आहे.) केस धुऊन ओलेच ठेवायचे आणि कंडिशनर सढळ हाताने, लेकीच्या कमरेपर्यंतच्या केसांना चार पुड्या. ओल्या, चिकचिकीत केसात उवांना पळता येत नाही. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, मग बोटभर बटा करून फणी टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत. प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ. मला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला आणि फडक्यावर २३ निघाल्या. सासूबाई शेजारी बसून नखांवर टच् टच् करत होत्या, मासळीचा वाटा मोजल्यासारख्या.

पाचव्या दिवशी ७, सगळ्या बारक्या. नवव्या दिवशी २. तेराव्या दिवशी फडकं कोरं. नव्याने फुटलेलं पिल्लू मोठं होऊन लिखा घालायच्या आत पकडायचं, सगळी युक्ती एवढीच. म्हणून मधला एक दिवस चुकवला की पहिल्यापासून. आमचा पाचवा दिवस गुरुवारी आला, शाळेच्या आधी सहाला उठवलं, तर पोरगी असं भोकाड पसरते की समोरच्या घरातून विचारणा.

घरातली सगळी डोकी तपासावी लागतात. नवऱ्याच्या डोक्यात काही नाही, तिथे राहायला जागाच उरलेली नाही. "माझ्या डोक्यात? म्हाताऱ्या केसात खंय ते ऱ्हवतले?" म्हणणाऱ्या सासूबाईंच्या अंबाड्यात तीन निघाल्या. त्यानंतर त्या आठवडाभर सिताफळाचं नाव काढत नव्हत्या.

आता तक्रारी. एक, कुरळ्या केसांना ही फणी ओढते. शेजारच्या मुलीचे केस कुरळे आहेत, तिला कंडिशनर दुप्पट लावावा लागला. दोन, दात मुठीत शिरतात तिथे फटीत तेल आणि घाण साचते, जुन्या टूथब्रशने घासावी लागते. तीन, आणि ही माझी करणी, मी ती पातेल्यात घालून खळाखळा उकळली. मूठ सैल झाली. नीट पोळेल अशा गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली तरी पुरतं, उकळी फुटायची गरजच नव्हती. आता मुठीला नवऱ्याने मासेमारीची तंगूस गुंडाळली आहे, घट्ट बसली. समुद्राची हवा असूनही दातांना दोन महिन्यांत गंज नाही, आमच्याकडे याला मान द्यावा लागतो.

लिखांची रिकामी टरफलं केसांवर पांढरी दिसत राहतात, त्याला मी घाबरले होते. टाळूपासून दोन बोटं खाली सरकलेली असतील तर बहुतेक रिकामीच.

पाचपैकी साडेचार. अर्धा मुठीसाठी कापला.

परवा जाऊबाईंचा फोन आला, आवाज एकदम खाली. "ती फणी मिळेल का गं एक?" दुसरी आणली, १८० ची २०० झाली होती. पार्सलात कुळथाच्या पिठाच्या पिशवीआड सरकवली, त्यांच्या बिल्डिंगीत कोणाला दिसायला नको.