एनसीईआरटीची समुपदेशन पदविका : खरी कसोटी शेवटच्या तीन महिन्यांत

महाराष्ट्र-गोव्यातल्या शिक्षकांना एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेतून करता येते. सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने संस्थेत सराव, तीन महिने आपल्या गावच्या शाळेत इंटर्नशिप. मधला टप्पा सर्वांत भरीव, कारण मुलाशी बोलताना कुठे घाई झाली, कुठे उगाच सल्ला दिला गेला, हे प्राध्यापक तिथल्या तिथे दाखवू शकतात. त्यासाठी तीन महिन्यांची रजा मात्र आधीच मंजूर करून घ्या.

गाडी अडते ती शेवटच्या टप्प्यात. प्राध्यापक भोपाळला, प्रशिक्षणार्थी सांगलीला किंवा फोंड्याला. वर्ष जानेवारीत सुरू झाले की हा टप्पा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. म्हणजे सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि लगेच स्नेहसंमेलनाची तयारी. एका मुलाबरोबर पाच-सहा बैठका व्हायच्या असतील, तर मुले पहिल्या दहा दिवसांतच ठरवावी लागतात. नोव्हेंबरमध्ये सुरू केलेले काम हमखास अर्धवट राहते, आणि बोलते झालेले मूल पुन्हा गप्प होते.

म्हणून सप्टेंबरमध्येच प्राध्यापक, शाळेचे समुपदेशक आणि मुख्याध्यापक यांनी एका पानाचा लेखी करार करावा. आठवड्याला एक तास शाळेच्या समुपदेशकाबरोबर, पंधरवड्याला एकदा प्राध्यापकांबरोबर ऑनलाइन चर्चा. दार बंद होईल अशी खोली. प्रशिक्षणार्थीला ऑफ तासावर, म्हणजे शिक्षक गैरहजर असलेल्या वर्गावर, पाठवायचे नाही. हे कलम नसेल तर निम्मे दिवस त्यातच जातात. पालकांची लेखी संमती. भोपाळला जाणाऱ्या अहवालात मुलाचे नाव, शाळा, तुकडी नको, फक्त सांकेतिक क्रमांक. कोणता क्रमांक कोणत्या मुलाचा, ही यादी शाळेच्या कुलूपबंद कपाटात.

करारातले सर्वांत नाजूक कलम पोक्सोचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे. 2012 च्या या कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा. नवखा प्रशिक्षणार्थी पहिल्याच बैठकीत ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊन बसतो. ‘तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल,’ हे वाक्य सुरुवातीलाच बोलायचे, आणि त्याचा सराव भोपाळलाच करून घ्यायचा.

शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नसेल, तर इंटर्नशिपसाठी शेजारची शाळा शोधा.