पीएसएमए पेट स्कॅन: तपासणी चोख, पण रिपोर्ट हातात देण्याची पद्धत सुधारा

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) 4+4=8. सीटी आणि बोन स्कॅन दोन्हींत पसरल्याचं काही दिसलं नव्हतं. तरी डॉक्टरांनी पीएसएमए पेट-सीटी सांगितला, तेव्हा मी अडूनच बसलो. वयस्कर माणसाला पुन्हा कशाला दमवायचं? त्यांनी समजावलं ते पटलं. लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) 8-10 मिलिमीटरपर्यंत वाढल्याशिवाय सीटीत सहसा संशय येत नाही. हा स्कॅन मात्र आकारावर विसंबत नाही, कॅन्सरच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन हुडकतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, 302 रुग्णांच्या अभ्यासात त्याची अचूकता 92 टक्के भरली, सीटी आणि बोन स्कॅन मिळून 65.

सेंटरमधून आदल्या दिवशी फोन आला. उपाशी राहायची गरज नाही, पाणी भरपूर प्या, उशीर मात्र करू नका. इंजेक्शनमधलं किरणोत्सर्गी गॅलियम-68 दर 68 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे डोस ताटकळत ठेवता येत नाही. इंजेक्शननंतर तासभर बसायचं होतं. बाबांना लघवी धरवत नाही हे सिस्टरनी न सांगता ओळखलं आणि शौचालयाला लागूनची खोली दिली. टेबलावर घेण्याआधी पुन्हा लघवीला पाठवलं, कारण औषध मूत्राशयात साठलं की शेजारचं झाकोळतं. स्कॅन वीसेक मिनिटांत आटोपला. इथवर एकही तक्रार नाही.

तक्रार पुढची. रिपोर्ट आणि सीडी काउंटरवरून पाकिटात मिळाली, समजावायला कोणीच नाही. रात्री मी सीडी उघडली. जबड्याखाली, डोळ्यांपाशी, दोन्ही मूत्रपिंडांत काळे गडद डाग! वर रिपोर्टमध्ये ‘डाव्या बरगडीत किंचित ग्रहण, निश्चित सांगता येत नाही’. ग्रहण म्हणजे तिथे औषध शोषलं गेलंय. म्हणजे सगळीकडे पसरलाय, असंच धरून चाललो. बाबा शेजारच्या खोलीत झोपले होते आणि त्यांना सकाळी काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टर भेटल्या. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंडं प्रत्येकाचीच अशी दिसतात, म्हणाल्या. बरगडीचं विचारताच त्यांनी बाबांना उलट प्रश्न केला, ‘काका, कधी पडला होतात का?’ दोन वर्षांपूर्वी बाबा जिन्यावरून घसरले होते. त्याच जागी सीटीत जुळून आलेल्या हाडाची खूण होती. खरी सापडली ती ओटीपोटातली 6 मिलिमीटरची लसिकाग्रंथी, आधीच्या सीटीत ‘नॉर्मल’ म्हणून सुटलेली. पाच मिनिटांचं हे बोलणं पाकिटासोबतच झालं असतं तर ते तीन दिवस वाचले असते.

आधी रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यायचं ठरत होतं. आता ती ग्रंथी आणि आसपासचा भागही आखणीत घेतलाय, हार्मोनची इंजेक्शनं सुरू झालीत. स्कॅन याच सेंटरमध्ये करा, मी पुन्हा इथेच येईन. फक्त रिपोर्ट घ्यायला निघण्याआधी फोन करून डॉक्टर भेटतील ती वेळ मागून घ्या, आणि सीडी घरी एकट्याने उघडू नका.